बटणकाका आणि शेवटचं प्रकरण

माझे काका एका कापड गिरणीत अग्निसुरक्षा अधिकारी होते. आग लागू नये हे त्यांचं काम, आणि त्यांच्या कारकिर्दीत गिरणीला एकदाही आग लागली नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी तोच कारभार घरात सुरू केला. खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरचं बटण बंद झालंच पाहिजे. दिवा असो, पंखा असो, मिक्सर असो, कुणाची गय नाही. फ्रिज तेवढा वाचला, तोही काकूनं आठवडाभर अबोला धरला म्हणून. पाहुणा न्हाणीघरात असताना दिवा घालवल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की सगळी इमारत त्यांना बटणकाका म्हणू लागली. काकांना हे नाव मानाचं वाटतं.

त्यांच्या घरचा कॉम्प्युटर आजवर एकदाही रीतसर बंद झालेला नाही. काम संपलं की काका भिंतीवरचं बटण दाबत आणि पडदा काळा झाला की समाधानानं मान हलवत. आतली डिस्क त्या वेळी काही लिहीत असेल, हे त्यांच्या गावीही नसे. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू होताना बिचारा सांगायचा की डिस्क तपासायला हवी, तपासणी नको असेल तर कुठलीही कळ दाबा. काका ताबडतोब कळ दाबायचे. ‘कुठलीही’ म्हणताहेत म्हणजे काही गंभीर नसणार, असा त्यांचा हिशेब.

त्या कॉम्प्युटरवर काकू रहस्यकादंबरी लिहीत होती. एका विश्रांतिगृहात खून होतो आणि औषधविक्याची बहीण, दिसायला अगदी गरीब गाय, ती खुनी निघते. एवढं मला ठाऊक होतं, कारण काकू मला फोनवर विषाचे प्रकार विचारायची. मी प्रिंटर विकतो. पण विजेवर चालणारं आणि पडद्यावर दिसणारं सगळंच मला कळतं अशी घरच्यांची पक्की समजूत आहे, आणि विष हे त्यात कसं बसलं कोण जाणे. काकांना मात्र ती कादंबरीतलं अवाक्षर सांगत नसे. त्यांनी कधी चौकशी केली नाही, हे तिला आत कुठंतरी लागलं होतं. माझ्याजवळ एकदा ती म्हणाली होती, “यांना माझ्या लिहिण्यापेक्षा त्याला लागणाऱ्या विजेची काळजी जास्त.”

पुढे एका प्रकाशकानं पहिली तीन प्रकरणं वाचून कादंबरी पसंत केली आणि सोमवारपर्यंत पूर्ण फाईल मागितली. उशीर झाला तर या वर्षीची यादी भरेल, हेही कळवलं. शनिवारी सकाळी काकूनं फाईल उघडली, तर पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. पुन्हा उघडली, तर फाईल खराब आहे, वाचता येत नाही, असा निरोप आला. काकूच्या तोंडचं पाणी पळालं.

काकांनी आधी आपले उपाय केले. मागचं झाकण काढून ब्रशनं धूळ झाडली. टेबलपंखा लावून यंत्र गार केलं. मग फाईलचं नाव बदलून पाहिलं. त्यातून काहीच निघालं नाही, तेव्हा मला बोलावणं आलं.

मी गेलो आणि पहिला प्रश्न विचारला तो पेनड्राइव्हचा. मागच्या वर्षी मी काकूला मुद्दाम एक आणून दिला होता आणि कादंबरी यात जपून ठेव असं बजावलं होतं. काकूचा चेहरा उजळला. तिनं कपाट उघडलं, दागिन्यांच्या डबीतून मलमलीत गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढला आणि माझ्या हातात दिला. वेष्टणसुद्धा फाडलेलं नव्हतं. मी कपाळाला हात लावला. ती म्हणाली, जपून ठेव म्हणालास, जपून ठेवला.

आता डिस्कवर नवं काही लिहायचं नाही, दुरुस्तीच्या नादालाही लागायचं नाही, जे वाचता येतंय ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यायचं, असं मी ठरवलं. डिस्क बाहेर काढली, बाहेरून जोडायच्या एका डबीत बसवली, डबीची वायर दाराजवळच्या प्लगमध्ये खोचली आणि माझ्या लॅपटॉपला जोडून नक्कल सुरू केली. काही भाग झरझर उतरत होते. खराब भागाशी आलं की डिस्क कुरकुरायची आणि आकडा तिथंच अडून बसायचा. काकूचा जीव टांगणीला लागला होता. मी काकांना हात जोडून सांगितलं की यात वीज गेली तर डिस्क पुन्हा उठेल याची खात्री नाही, तेव्हा बटणाकडे बघूसुद्धा नका. ते दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन गुपचूप बसले.

नक्कल अर्ध्यावर आली आणि काकूनं चहासाठी हाक मारली. काका उठले. त्यांचं लक्ष चहाकडे होतं, त्यांचा हात दाराशी गेला आणि आपलं नेहमीचं काम करून आला. डिस्क एकदा कण्हली आणि गप्प झाली.

काकू ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत आली आणि नुसती खुर्चीवर बसली. काका बटणाकडे असे बघत होते की जणू ते दुसऱ्याच कुणीतरी बंद केलं असावं. मग त्यांनी चिकटपट्टी आणली, ते बटण चालू करून त्यावर तीन-चार आडव्या उभ्या पट्ट्या मारल्या आणि स्वतः बाहेर जिन्यावर जाऊन बसले. दार आतून लावून घ्या असंही सांगितलं.

डिस्क उठली. माझ्या नशिबानं म्हणा किंवा तिच्या. संध्याकाळपर्यंत नक्कल पुरी झाली आणि तिच्यातून फाईल सुटी करून मी उघडली. प्रकरणामागून प्रकरण स्वच्छ दिसत होतं. काकू प्रत्येक पानाला मान डोलावत होती. शेवटच्या प्रकरणाच्या जागी मात्र कोरी पानं होती. डिस्कचा नेमका तोच भाग गेला होता. मी पुन्हा प्रयत्न केला, दुसऱ्या पद्धतीनं केला, आणि अखेर तिला खरं ते सांगून टाकलं. मला फार वाईट वाटत होतं. काकू म्हणाली की ते प्रकरण लिहायला तिला दोन महिने लागले होते, आता दोन दिवसांत तिला ते आठवणार नाही. तिनं दार उघडलं आणि काकांना सांगितलं की आत या, संपलं सगळं.

काका दारातच उभे राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, “पाऊस थांबलेला असतो. सगळे जेवणघरात जमलेले असतात. ती बहीण सगळ्यात शेवटी येते, आणि तिच्या हातात डॉक्टरची छत्री असते.”

काकू त्यांच्याकडे बघतच राहिली. काका सांगत गेले. कोण कुठल्या खुर्चीवर बसलं, बाटली कुणाच्या खिशात निघाली, बहिणीनं कबुली देताना काय म्हटलं, काही वाक्यं तर काकूचीच, जशीच्या तशी. काकू फिरायला गेली की हे गृहस्थ कॉम्प्युटर लावून वाचत बसत, आणि ती यायच्या आत बटण बंद करून मोकळे.

“आणि मला कधी एका शब्दानं बोलला नाहीत,” काकू म्हणाली.

“शेवट पटला नव्हता,” काका म्हणाले. “तू विचारलं असतंस तर खोटं बोलावं लागलं असतं. ते मला तुझ्यापुढे जमत नाही.”

“काय पटलं नाही?”

“इतकी डोक्यानं चालणारी बाई चारचौघांत रडत कबुली देईल? मी अशाच बाईबरोबर जन्म काढलाय. ती कुणाला पत्ता लागू देणार नाही.”

काकूनं शेजारची खुर्ची ओढली, माझा लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि काकांना म्हणाली, “बसा. छत्रीपासून सांगा.”

मला त्या रात्री कुणी जेवायलाही विचारलं नाही. सोमवारी कादंबरी वेळेवर गेली. तिच्यातली बाई सुटली.