पुरलेलं बाळ

ओल्या गोणपाटाचा वास आला की कल्याणचं ते पत्र्याचं थेटर आठवतं. दारांना गोणपाट लावून दुपारी जुन्या विलायती पुस्तकावरचा बोलपट दाखवत होते. आमचं तान्हं बाळ जाऊन आठवडा झालेला, हिला जरा बरं वाटावं म्हणून मी नेलेली. पडद्यावर डॉक्टरने पुरलेली मढी उकरून, शिवून माणूस जिवंत केला. बाया किंचाळल्या, ही मात्र बायकांच्या बाकांवरून उठून माझ्याकडे आली. "अवो, आपलं बाळ जाळलं नाय, पुरलंय. त्या डॉक्टरला इचारा ना." मी म्हटलं, "येडी का गं? खोटं असतं ते." आमच्या खडवलीला गाडीतून उतरल्यावर ती घराआधी बाळाला पुरलं तिकडे गेली. इतक्या वर्षांनी परवा ती गेली, तिला जाळून आलो, आणि तेव्हापासून डोक्यात एकच आहे, पुरायला पाहिजे होती.