आई भुलीत असताना

आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाबा दर मार्चला चवदार तळ्यावर टेबल टाकून पुस्तिका विकतात, आणि मी वाचायला शिकले ती त्याच पुस्तिकांवर. बाईच्या देहावर पहिला हक्क बाईचा, हे वाक्य मी अर्थ कळायच्या आधी पाठ केलं होतं. त्यामुळे महाडच्या एका खासगी दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरच्या दारात जे झालं ते आठवलं की अजून तोंड कडू होतं.

आईच्या गर्भाशयात गाठ होती. महिन्यातले आठ-आठ दिवस अंगावरून जायचं आणि ती पांढरीफटक पडायची. डॉक्टर म्हणाले, गाठीबरोबर पिशवीच काढू, कटकट संपेल. आमच्याकडे गर्भाशयाला सगळे पिशवीच म्हणतात, डॉक्टरसुद्धा. बाजाराला न्यायची असावी तशी. आई पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या गावची, डॉक्टरपुढे तोंड उघडणारी नव्हे. त्या दिवशी मात्र बोलली.

"गाठ काढा, डाक्टर. पिशवी नको. दाढ दुखली म्हणून कोण जबडा काढतं काय?"

डॉक्टर हसले आणि बघू म्हणाले. आईने तो होकार धरला. तरी बाहेर आल्यावर तिने माझा दंड धरला. मी शुद्धीत नसेन तेव्हा तू बघ, म्हणाली. मी हो म्हटलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून तिच्या घशात पाण्याचा थेंब नव्हता. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं सगळं उतरवलं. काचेच्या बांगड्या निघेनात, तेव्हा सिस्टरने साबण लावून ओढल्या आणि मनगट सोलवटलं. मग पाठीमागे बांधायचा हिरवा झगा, त्याची एक नाडी तुटलेली. आई एका हाताने मागून झगा धरून चालत आत गेली. भुलीचे डॉक्टर दुसऱ्या गावातलं ऑपरेशन उरकून धावत आले होते. त्यांनी तिला आ करायला लावलं, हलता दात आहे का विचारलं, आणि दार लागलं.

तासाभराने ते उघडलं. डॉक्टर रक्ताळलेले हातमोजे छातीशी वर धरून उभे होते, सिस्टरने दार पायाने अडवलं होतं. त्या फटीतून मला आई दिसली. डोळ्यांवर चिकटपट्ट्या. तोंडात नळी, तीही पट्टीने गालाला चिकटवलेली. दोन्ही हात बाजूला ताणून फळ्यांना बांधलेले. आत कुणाच्या तरी मोबाइलवर सिनेमाचं गाणं चालू होतं.

डॉक्टर बाबांना म्हणाले, गाठ पिशवीला धरून आहे, पोट उघडलंच आहे तर सगळंच काढतो. मी विचारलं, रक्त जास्त जातंय का, जिवाला धोका आहे का. नाही म्हणाले. गाठ एकटी निघेल का? निघेल, पण वेळ लागेल, आणि उद्या पुन्हा झाली तर पुन्हा पोट फाडा.

"आणि या वयात पिशवीचं काय लोणचं घालायचंय?"

डॉक्टरांच्या या बोलण्यावर शेजारी उभा माझा मामा हसला. सख्खा भाऊ तिचा. बाबाही हसल्यासारखे झाले.

मी म्हटलं, तिने नको सांगितलंय, तिला शुद्धीवर येऊ द्या. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "भुलीत फार वेळ ठेवता येत नाही, साहेब. लवकर ठरवा."

साहेब म्हटल्यावर बाबा ताठ झाले. पत्रकाच्या शेवटी करतात तशीच ठसठशीत सही त्यांनी केली. सिस्टरने कागद माझ्यापुढे सरकवला. साक्षीदार. मी वाद घालीन तितका वेळ ती नळी आईच्या घशात राहील, असं मला वाटलं. ते खरं होतं, आणि ती पळवाटही होती. मी सही केली.

पुढे सिस्टरने स्टीलच्या ट्रेमध्ये पिशवी आणून दाखवली. तशी पद्धतच आहे. नाही दाखवलं तर लोक म्हणतात, काढलंच नाही. बाबा वाकून बघत होते. मामाने चष्मा लावला, मोबाइल काढला, ट्रे जरा उजेडात धरा म्हणाला आणि फोटो घराच्या ग्रुपवर टाकला. मी फोन हिसकावेपर्यंत वरंधपासून दुबईपर्यंत सगळ्यांनी तो पाहिला होता. कुणी हात जोडले होते, कुणी अंगठा दाखवला होता. एका चुलत्याने लिहिलं होतं, बरीच मोठी निघाली. मला मांसाची किळस नाही, घरी मटण मीच साफ करते. मला किळस आली ती त्या अंगठ्यांची. आई तेव्हा आत होती, डोळ्यांवर पट्ट्या लावलेली, आणि तिचं आतलं अंग पुरुषांच्या खिशाखिशात पोचलं होतं.

दुपारनंतर ती शुद्धीवर आली. पापण्यांवर पट्टीचे लाल वळ होते. नळीने घसा बसला होता, त्यामुळे तिचं बोलणं ऐकायला मला कान तोंडाशी न्यावा लागला.

"पिशवी हाय ना गो?"

बाबा सलाइनचे थेंब बघत राहिले. बाईच्या हक्कांवर तासभर बोलणारा माणूस थेंब मोजत होता. शेवटी मी म्हटलं, नाही आई. काढली.

तिने बाबांकडे मान वळवली नाही. कोण काढा म्हणालं, एवढंच विचारलं. मी सांगितलं, बाबांनी सही केली.

"तू होतीस ना तिथं?"

"होते. खाली माझीपण सही आहे."

 मग माझ्या हातातला हात तिने सोडवून घेतला आणि चादरीच्या आत नेला.