कानवाल्या बाईंचा अपात्र संगणक

सहा ऑक्टोबर. एक लाख शहाऐंशी हजार चारशे रुपये. श्रवणयंत्रांच्या कंपनीच्या माणसाने कोटेशन टेबलावर ठेवले आणि बेरजेवर बोट ठेवले, जणू बाईंना ती वाचता आली नसती.

त्यांना सगळे कानवाल्या बाईच म्हणत. एकतीस वर्षे त्या एकाच खोलीत श्रवणयंत्रे बसवून देत होत्या. यंत्र नुसते कानात घालून भागत नाही. ज्याला जेवढे कमी ऐकू येते तेवढाच आवाज त्यात संगणकावरून भरावा लागतो. तो भरणारा डबा बाईंच्या बारा वर्षांच्या संगणकाच्या पोटातल्या एका कार्डाला जोडलेला होता. नव्या संगणकांत ते कार्ड बसायला जागाच नव्हती.

"एक नोव्हेंबरपासून आमचा प्रोग्रॅम जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर उघडणार नाही," माणूस म्हणाला. "आणि नवी सिस्टिम तुमच्या या खटाऱ्यावर चढणार नाही. तपासलंय मी. नवा संगणक, नवा डबा घ्या."

"नव्या डब्यावर जुनी यंत्रं चालतील?"

"नाही हो. ती बदलायची. तंत्रज्ञान पुढं गेलंय म्हणून सांगा गिऱ्हाइकांना."

बाईंची त्रेसष्ट गिऱ्हाइके जुनी यंत्रे वापरत होती. त्यातल्या निम्म्यांना पेन्शनही नव्हती. यंत्र बंद म्हणजे त्यांचे घरातल्या माणसांशी बोलणे बंद.

"तंत्रज्ञान गेलं असेल पुढं," बाई म्हणाल्या, "त्यांचे कान आहेत तिथंच आहेत. या तुम्ही."

सगळ्या नोंदी वेगळ्या डिस्कवर उतरवून बाईंनी नवी सिस्टिम चढवून पाहिली. पडद्यावर उमटले, 'हा संगणक किमान अटी पूर्ण करत नाही.' बाईंना हसू आले. अठ्ठावन्न वर्षांत हे वाक्य त्यांनाही बऱ्याच जणांनी ऐकवले होते.

चार दिवस त्या इंटरनेटवर अनोळखी लोकांचे अनुभव वाचत बसल्या. तेव्हा कळले की सिस्टिमसोबत एक छोटी फाइल येते आणि संगणकाची पात्रता तीच तपासते. ती काढून त्याच नावाची रिकामी फाइल ठेवली की झाले. दारावर पहारेकऱ्याच्या जागी बुजगावणे. काही बिघडले तर जबाबदारी तुमची, असेही त्या लोकांनी स्वच्छ लिहिले होते.

सोमवारी अकरा वाजता बाईंनी बुजगावणे उभे केले. काम सुरळीत चालले. चौसष्ट टक्क्यांवर आकडा आला आणि खोलीतले सगळे एकदम बंद पडले.

बाईंची खोली आणि शेजारच्या शिंपी मास्तरांचे दुकान यांचा मेन स्विच एकच. एकदा इस्त्री चालू राहून टेबल जळाले, तेव्हापासून नियम झाला: एक वाजता जेवायला निघताना मेन स्विच खाली. नियम बाईंनीच केलेला आणि मास्तरांनी एकोणीस वर्षांत एकदाही न मोडलेला.

"मास्तर! अहो मास्तर! स्विच!" बाई दारातून ओरडल्या.

मास्तर शांतपणे जिना उतरत राहिले. ऐकणार कसे? त्यांची दोन्ही यंत्रे सकाळपासून दुरुस्तीसाठी बाईंच्याच खणात होती.

बाईंनी त्यांना रस्त्यात गाठले आणि ओढतच वर आणले. स्विच वर केला. काळ्या पडद्याकडे बोट दाखवले, तेव्हा मास्तरांच्या तोंडचे पाणी पळाले.

"गेला का हो?" ते अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असे म्हणाले.

बऱ्याच वेळाने ओळ आली, 'केलेले बदल मागे घेत आहोत.' संगणक जिथल्या तिथे परत आला. बाईंनी कागदावर लिहून मास्तरांपुढे धरले, 'पुन्हा करते.'

"करा! कोण हात लावतो बघतो." मास्तरांनी स्टूल स्विचखाली ओढले, हातातला जेवणाचा डबा मांडीवर उघडला आणि शेजारी मोठी कात्री ठेवली.

पावणेसहाला नवी सिस्टिम उघडली. पण तिने कार्ड ओळखायला नकार दिला. बाईंनी कार्ड चालवणारा जुना ड्रायव्हर हाताने निवडला, तरी नकार. दुसरा निवडला. डब्यावरचा हिरवा दिवा लागला.

पहिली यंत्रे मास्तरांचीच घेतली. ती त्यांच्या कानांत बसवून बाईंनी भिंतीकडे तोंड केले आणि हळू आवाजात विचारले, "मास्तर, माझे पडदे कधी शिवून देणार?"

"एवढं नाही ऐकू आलं," मास्तर म्हणाले.

एक नोव्हेंबरला कंपनीचा प्रोग्रॅम निमूट उघडला. तिसऱ्या दिवशी त्या माणसाचा फोन आला. "बाई, चालतंच कसं? आम्ही अपात्र ठरवलंय ना त्याला!"

"तुम्ही ठरवलंत. त्याला सांगायचं राहिलं असेल."

"सिस्टिमची पुढची मोठी आवृत्ती आपोआप येणार नाही, सांगून ठेवतो."

"आजवर काय आलंय आपोआप? दरवर्षी हातानं चढवीन."

महिनाअखेर कंपनीचे बिल आले: संगणक तपासणी, चारशे बहात्तर रुपये. बाईंनी त्यावर 'तपासणी चूक निघाली' असे लिहून तारखेसह सही केली आणि ते परत पाठवले. डिसेंबरात तेच बिल पुन्हा आले. चारशे बहात्तर रुपये अजून देणे आहे.