खर्जाच्या रांगेतले दोन जॉर्डी

साउथहॅम्प्टनच्या आमच्या चर्चमध्ये दोन जॉर्डी, म्हणजे न्यूकॅसलची बोली बोलणारे, गातात. एक न्यूकॅसलचा, बंदरावर क्रेन चालवणारा. दुसरा पुण्याचा, म्हणजे मी. माझी पहिली नोकरी न्यूकॅसलच्या हॉस्पिटलात. खरं इंग्लिश तिथल्या पेशंट्सनी शिकवलं, आणि ते असं भिनलं की इथे दक्षिणेत आल्यावर मला दुभाष्या द्यायची वेळ आली. क्रेनवाला गुडघा दाखवायला आला तेव्हा मी त्याला "हाउवे, चल, उठ" म्हणालो, तर पठ्ठ्याने आनंदाने अशी उडी मारली की डोकं छताला. त्यानेच मला क्वायरमध्ये ओढलं. देव कुठलाही चालतो, म्हणाला, खर्ज हवा.

गेल्या डिसेंबरात नाताळच्या कॅरल सर्व्हिसचा सोलो त्याला मिळाला. ऐकायला त्याची आई न्यूकॅसलहून येणार होती. शेवटच्या तालमीआधी क्वायरच्या बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "उच्चार जरा गुळगुळीत करा, नाहीतर सोलो दुसऱ्याला."

"आईसमोर परक्याच्या तोंडाने गाऊ?" तो मला म्हणाला.

"तुझ्याच तोंडाने गा."

"अरे, काढतील!"

"एकट्याला काढतील. बघू, सगळ्यांना कसं काढतात."

तालमीत त्याने ओळ टाकली, न्यूकॅसलच्या टाईन नदीच्या गाळासकट. बाईंचा हात थांबवायला वर गेला. पण तीच ओळ पुढे सगळ्यांनी घ्यायची असते, आणि मी भजनात वाढलेला. बुवा जशी टाकेल तशीच टाळकऱ्याने उचलायची. सुधारून उचलली तर बुवा टाळच फेकून मारतो. मी उचलली, एवढ्या जोरात की बंदरातल्या क्रूझने भोंगा वाजवून साथ दिली. मागोमाग खर्जाची अख्खी रांग, मग टेनर, मग सोप्रानोच्या आजीबाईसुद्धा.

"डॉक्टर, तुम्हीही?"

"बाई, मिळाली तशी पुढे दिली."

बाईंनी पुन्हा पुन्हा दुरुस्त करून पाहिलं. आम्ही पुन्हा पुन्हा तसंच गायलो. शेवटी त्यांनी हात टेकले. "निदान सगळे एकसारखे गा!"

रविवारी आई पहिल्या बाकावर. तो गायला आणि म्हातारी सगळा वेळ हनुवटी वर करून बसली, जणू चर्च तिनेच बांधलंय. संपल्यावर त्याच्या गालावर चापट मारून म्हणाली, "हा तर माझाच." मग माझ्याकडे वळली. "आणि तू रे, कुठल्या गल्लीतला?"

"सदाशिव पेठेतला."

"नदीच्या अलीकडे की पलीकडे?"

"बरीच पलीकडे," मी म्हणालो.