देवाच्या भाताचं कोठार

बावन्न सालच्या वादळानं कुंभकोणमची कितीतरी नारळाची झाडं आडवी केली आणि जाता जाता वरदराजरावांच्या परसातलं लाकडी कोठारही भुईसपाट केलं. राव हळहळले. तंजावरच्या राजवटीत पणजोबांनी उभारलेलं सागवानी कोठार ते! त्यांची बायको सीतालक्ष्मीबाई मात्र पडलेल्या फळ्यांकडे बघत नुसती उभी राहिली. त्यांना फक्त झोप हवी होती.

घरचा तांदूळ केव्हापासूनच गिरणीतून येई. कोठारात असे ते देवाच्या नैवेद्याचं भात. ते सोवळ्यात ठेवायचं, आणि घरच्या सुनेनं पहाटे विहिरीवर न्हाऊन, ओलेत्यानं अख्खं परस ओलांडून, रोजचं रोज काढून कांडायचं, अशी पद्धत. सासूनं किल्ली हाती दिली तेव्हा बाई चौदा वर्षांच्या होत्या. आता पन्नाशी आली. धनुर्मासाच्या थंडीत, पोटुशी असताना, अंगात कणकण असताना त्या गेल्याच. गुडघे कामातून गेले, खोकला मुक्कामाला आला. राव त्या वेळी पांघरुणात असत; त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना!

चार दिवसांनी मणी सुतार आला. खांब धडधाकट आहेत, पोंगलच्या आधी उभं करून देतो, म्हणाला. दार कुठल्या बाजूला ठेवू, एवढंच त्याला विचारायचं होतं.

"अगे, अता तूं सुटलीस," राव हौसेनं म्हणाले. "नवं कोठार, नवी सून. किल्ली विजयलक्ष्मीस दे."

वैशाखात लग्न होऊन आलेली विजयलक्ष्मी दाराशीच उभी होती. तिनं मुकाट्यानं मान हलवली.

या दिवसाची बाईंनी किती वाट पाहिली होती! बरं झालं, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर सुनेवर गेली. कोवळी पोर. आणि तिची ती हललेली मान.

"कोठार नको," बाई म्हणाल्या. "लाकूड विकून टाका."

"वेड लागलं काय? मग देवाचं भात कुठें ठेवायचं?"

"स्वैंपाकघरांत. उंच फळीवर, झाकणाच्या मडक्यांत. तेथ कोण्ही शिवत नाही."

मणी हातातली दोरी गुंडाळू लागला. रावांनी बराच विचार केला. फळी, मडकं, झाकण. खोट काढायला काही सापडेना.

"मडक्यांत चालतं," ते हळूच म्हणाले, "तर इतकीं वर्षं तूं कशास गेलीस?"

मडक्याचं बाईंनाही आत्ताच सुचलं होतं. त्या पायरीवर मटकन बसल्या आणि सुनेसमोर, सुतारासमोर, मोठ्यानं रडू लागल्या.