तापीकाठी कॅनभर समुद्र

समुद्र धुवायचं औषध बघायला मी बुऱ्हाणपूरला निघालो, तेव्हा आमच्या कोकणातल्या बंदरावर हसायचं कोणी बाकी राहिलं नाही. दर पावसाळ्यात आमच्या वाळूवर जहाजांच्या तेलाचे डांबरगोळे येतात. त्यावर निर्धोक उपाय सापडल्याचं पत्र तिथल्या महाजन सरांनी आमच्या मच्छीमार सोसायटीला धाडलं होतं. प्रयोग जमला तर आमच्या खाडीत चाचणी, नाहीतर सरांची सहा वर्षांची खटपट मोरीत. निकाल मी द्यायचा. म्हणून कॅनभर समुद्र सोबत घेतला. भुसावळपर्यंत डब्यात भरती-ओहोटी चालू होती.

बुऱ्हाणपुरात उतरून शनवारा चौकात मावा जलेबी खाल्ली. काळीभोर, आणि एकेक वेढा होडीच्या दोरखंडाएवढा. नांगर टाकल्यासारखा मी तासभर तिथेच.

महाजन सर म्हणजे लोधीपुऱ्यातले निवृत्त रसायनशिक्षक. अंगणात टब मांडून तयार.

"सर, समुद्र पाहिलाय?"

"टीव्हीवर पाहतो ना, भाऊ. खूब मोठा आहे."

केळीच्या खुंटाची (घड कापल्यावर उरलेल्या खोडाची) राख तेलात कढवून सरांनी पातळ साबण केला होता. तो तवंगाचे बारीक थेंब करतो, पुढे जिवाणू ते खातात. टबातल्या तापीच्या पाण्यात त्यांनी जळकं ऑइल ओतलं, औषध शिंपडलं. सभेत कामं वाटायला घेतली की आमचे सभासद पांगतात, तसा तवंग पांगला.

मग मी कॅन दुसऱ्या टबात रिकामा केला; पुन्हा ऑइल, पुन्हा औषध. खाऱ्या पाण्यात औषधाचं दही झालं. तेल वर मजेत पसरलेलं.

"तापीमाईत जमलं, म्हटलं सगळीकडे जमेल," म्हणत सर पायरीवर बसले.

दारातून काकू म्हणाल्या, "बोअरच्या पाण्यात साबुन फाटतो, हे लग्नापासून सांगून राहिले मी. रिठ्यानं धुते ते काय शौक म्हणून? पण हे पडले सायंटिस्ट."

त्यांनी तांब्याभर रिठ्याचं पाणी टबात ओतून काठीनं ढवळलं. तवंग कुरकुरत का होईना, फुटला.

सर उठून टबात डोकावत म्हणाले, "सुमन, औषधावर तुझंही नाव टाकतो."

"पहिलं टाका."

निघताना सरांनी मला थांबवलं. "भाऊ, रिठ्यानं मासे झिंगतात. किती मात्रेत जगतात ते पाहतो आधी. तोवर तुमच्या खाडीत थेंब नको."

परतलो तर दुसऱ्याच पावलाला टाचेला डांबर. सोसायटीचे चेअरमन डिझेलच्या फडक्यानं पाय पुसत उभे होते.

"काय म्हणतात तुमचे केळीवाले?"

फडकं त्यांनी लाटेत पिळलं. मी अहवालात लिहिलं: चाचणी लांबणीवर. आपले मासे जगावेत, अशी तिकडच्या लोकांची अट आहे.