आधी लावून पाहू

कमांड लिहून झाली की एंटर मारायच्या आधी ताई दोन्ही हात मांडीवर घेत, ओळ पुन्हा वाचत आणि म्हणत, "आधी लावून पाहू, मंग पक्कं करू." तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याच्या सावधपणाला सगळे हसतात आणि अडलं की त्याच्याकडेच धावतात.

आमची भंडाऱ्याची पतसंस्था. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा तिकडच्या शाखा तिकडे गेल्या, ताई इकडे राहिल्या. पुढे मुख्य संगणकाच्या दारावरचा पहारा, म्हणजे फायरवॉल, त्यांच्याकडे आला. मी त्यांच्या हाताखाली शिकलो.

एकदा आमच्या मॅनेजर साहेबांनी हौसेने स्वतःच एक नियम लावला आणि चिखल्यापासून करडीपर्यंत सगळ्या शाखांना दार बंद केलं. ताईंनी मशीन बंद करून सुरू केली, नियम पुसला गेला. "तुमी परमनंट नाही लिहिलं ना साहेब, म्हणून वाचलो," त्या म्हणाल्या. तो एक शब्द जोडला नाही तर नियम लगेच लागतो, पण मशीन बंद पडेपर्यंतच टिकतो. जोडला तर तो कायमचा नोंदला जातो आणि मशीन सुरू झाली की आपोआप परत लागतो. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

मग ताईंच्या यजमानांना लकवा मारला. नदीपलीकडे कारध्याच्या घरी ते खाटेवर पडून. पाणी ताईंच्या हातूनच पीत, दुसऱ्या कोणी चमचा पुढे केला की तोंड फिरवत. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा ताईंनी साहेबांकडे घरून काम करायची परवानगी मागितली. "ते जातील तवा मी जवळ पाह्यजे, साहेब. बस, दुसरं काही नाही."

साहेब हो म्हणाले. संध्याकाळी ताई आपल्या घरच्या इंटरनेटच्या पत्त्यासाठी दार उघडायला बसल्या. कितीतरी वेळ उघडेना. शेवटी नियम भलत्याच झोनमध्ये, म्हणजे फायरवॉलच्या दुसऱ्याच कप्प्यात, गेल्याचं सापडलं. तो नीट केला आणि घरून यजमानांच्या भाचीचा फोन आला, "मामी, उघडलं." कित्येक दिवसांनी ताई हसल्या आणि पर्स उचलून निघाल्या. लावून पाहिलं होतं. पक्कं करायचं त्या आयुष्यात पहिल्यांदाच विसरल्या. माझ्याही लक्षात आलं नाही.

सकाळी ऑफिसची लाईट गेली, आली. मशीन सुरू झाली तेव्हा नियम पुसलेला होता. घरी दार बंद दिसताच ताईंना कळलं. यजमानांना पाणी पाजून, "जाऊन येते" म्हणून त्या स्कूटीवरून पूल ओलांडून आल्या.

"ताई, मले फोन करायचा ना. मी केलं असतं."

"चूक माही हाय ना, भाऊ. दोन मिनिटांचं काम."

त्यांनी ओळ लिहिली, या वेळी परमनंट जोडून. हात मांडीवर घेतले. तेवढ्यात फोन वाजला. भाची होती. ताईंनी ऐकलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. मग एंटर मारला. नियम ताजे करायची दुसरी कमांड दिली. पडद्यावर शब्द आला, सक्सेस.

"झालं पक्कं," त्या म्हणाल्या आणि तशाच बसून राहिल्या. मी खांद्याला हात लावून उठवलं तेव्हा उठल्या. त्या 'सक्सेस' शब्दाचा मला अजूनही राग येतो.

यजमानांचं तेरावं झाल्यावरही त्या कामावर आल्याच नाहीत. घर बंद करून भावाकडे गेल्या. तिथून एकदा फोन आला. "भाऊ, तो माहा पत्ता काढून टाक. आता त्या घरून कोणी येत नाही."

मी पत्ता काढायची ओळ लिहिली. हात मांडीवर घेतले, पुन्हा वाचली, एंटर मारला. यादीतून पत्ता गेला. आता तीच ओळ परमनंट जोडून पुन्हा लिहायची होती. ती माझ्याने लिहवली नाही.

आमच्याकडे लाईट जातेच. मशीन बंद पडते, सुरू होते आणि कारध्याच्या घराची ती ओळ यादीत परत येते. मी ती पुन्हा काढतो, तेवढ्यापुरती.